नमुन्याच्या दोन प्रती

तुळजापूरच्या अध्यापिका वर्गाला मानसशास्त्र नव्यानं लागलं आणि पुस्तक ठरवायचं काम तिथं शिकवणाऱ्या चारुशीलेच्या गळ्यात पडलं. कॉलेजात तो विषय शिकलेली गावात दुसरी होती कोण? निजामाच्या अमदानीतलं या विषयाचं एक पुस्तक होतं, पण उर्दूत; ते कपाटातच राहिलं. सोलापूरच्या दुकानदारानं यात्रेकरूंच्या मोटारीतून नमुन्याच्या दोन प्रती धाडल्या.

एक पुस्तक जाडजूड. मज्जातंतू, उंदीर, प्रयोगशाळा; वाक्य संपेस्तोवर सुरुवात विसरावी. दुसरं पातळ, पण घरात बोलल्यासारखं. खेड्यापाड्यांतनं आलेल्या मुली ते आपलं आपण वाचतील, असं वाटून तिनं मनाशी तेच ठरवलंही. मग मुलाच्या वाढीचा धडा आला. खाली अभ्यास दिलेला: जवळपासच्या तीन वर्षांच्या मुलाचं निरीक्षण करा. हाक मारली की बघतं का? दोन शब्द जोडून बोलतं का? न बोलणाऱ्या मुलाला काय म्हणतात, तेही पुढं छापलेलं.

जवळपासचं तीन वर्षांचं मूल म्हणजे तिचीच लेक लीला. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून ती रोज वर्गातच भिंतीशी बसायची. मुली तिला कडेवर घ्यायच्या, किती शांत पोर म्हणून कौतुक करायच्या. आता त्याच मुली वह्या घेऊन तिच्याभोवती बसणार, हाका मारून बघणार, आणि लिहिलेलं तपासायला चारुशीलेकडंच आणून देणार. तिनं पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही पुस्तकं नेली आणि जाड पुस्तक मुख्याध्यापिका वनमालाबाईंच्या पुढ्यात सरकवलं. पातळ पुस्तक जरा उथळ वाटतं, म्हणाली. बाईंनी दोन्ही चाळली. पातळ पुस्तकातल्या एका पानावर त्या बराच वेळ थांबल्या.

"आपल्या पोरींना हे झेपंल?" त्यांनी जाड पुस्तकावर बोट ठेवलं.

"मी समजावून सांगीन."

बाईंनी मंजुरीची सही केली. टीपकागद दाबत, वर न बघता म्हणाल्या, "लीला थोडी मोठी होईस्तोवर हेच राहू द्या. मुलींनाही मी मागंच सांगून ठेवलंय, तिच्याबद्दल तुमच्यासमोर काही बोलत जाऊ नका म्हणून."

चारुशीला बरं म्हणाली आणि वर्गात गेली. मुली उठून उभ्या राहिल्या. लीला कुणाच्या तरी कडेवर होती, आणि तिला घेतलेली मुलगी नेहमीसारखीच गोड हसली. चारुशीलेनं जाड पुस्तक उघडलं आणि पहिलं पान फळ्यावर उतरवायला घेतलं. पान मोठं होतं. तेवढा वेळ मुलींकडं पाठ करून उभं राहता येणार होतं.