आधी बोलू

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असेल, पण आठवत नसेन. मी तीन ओळींची जाहिरात आहे. कुणी मोबाइलवर काही शोधायला लागलं, की उत्तरांच्या वर येऊन उभं राहायचं, हे माझं काम. लोक मला बोटाने सरकवतात आणि पुढे जातात. आमच्यात सहा महिने टिकली तिला नशीबवान समजतात. मला नऊ वर्षं झाली.

माझा जन्म दोन बहिणींच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत थोरली बहीण केसांचे टोप विणायची. बारीक जाळी लाकडी डोक्यावर ताणायची आणि आकडीने एकेक केस ओढून गाठ मारायची. एका टोपाला दीड महिना लागायचा. बाहेरच्या खोलीत धाकटी बसायची. तिच्या टेबलावर एक संगणक होता आणि एक जुना, तारेचा फोन. त्याच संगणकाच्या पडद्यावर माझं पान दिवसभर उघडं असायचं. म्हणून त्या खोलीतलं सगळं मला ठाऊक आहे.

मला धाकटीने लिहिलं. एका ओळीत तीसच अक्षरं बसतात, म्हणून ती वाणसामानाच्या यादीमागे लिहून, बोटांवर मोजून, खोडून पुन्हा लिहीत होती. शेवटी मी अशी झाले: "केसांचे टोप, हाताने विणलेले. एका डोक्यासाठी एकच. आधी बोलू. फोन करा." आणि खाली नंबर.

थोरलीला तिसरी ओळ पटली नाही.

"बोलू काय, बोलू? दुकान आहे की गप्पांचा अड्डा?"

"अगं ताई, आपल्याकडे येणारं माणूस टोप मागतच नाही. आधी नुसतं गप्प बसतं," धाकटी म्हणाली.

तिचं खरं होतं. मला लोकांनी टाइप केलेले शब्द दिसतात, तुम्हाला दिसत नाहीत. 'केस गेले काय करू.' 'औषधानंतर केस कधी येतात.' 'मुलीच्या लग्नात डोकं कसं झाकू.' घाईत लिहिलेले, चुकलेले, अर्ध्यावर सोडलेले शब्द. ते वाचून मी धावत वर जायची. माणूस माझ्याकडे बघायचं, तिसऱ्या ओळीवर थांबायचं आणि नंबरावर बोट ठेवायचं. मग बाहेरच्या खोलीत फोन वाजायचा.

धाकटी फोन उचलून एवढंच म्हणायची, "मी आहे. सावकाश बोला." पलीकडे कधी मिनिटभर, कधी पाच मिनिटं काहीच नसायचं. ती फोन कानाला धरून भाजी निवडत बसायची, पण फोन खाली ठेवायची नाही. नाव विचारायचं नाही, नंबर मागायचा नाही, हा तिचा नियम होता. ज्याला सांगायचं तो सांगेल. कुणी विचारलंच की फसवणार तर नाही ना, तर ती हसून म्हणायची, "आम्ही टोप घालतो हो, टोपी नाही घालत." त्या एका वाक्यावर कितीतरी माणसं त्या दिवशी पहिल्यांदा हसली असतील. मला माझा अभिमान वाटायचा. का वाटू नये?

एक खोड मात्र माझ्यात होती आणि ती माझ्या हातची नव्हती. आपल्या भाषेत टोप डोक्यावर बसतो आणि चुलीवरही बसतो. कुणी 'पंधरा लिटरचा टोप झाकणासह' असं शोधलं की यंत्र मलाच ढकलून पुढे करायचं. लोक क्लिक करून आत यायचे, केस बघून दचकायचे आणि परत जायचे. अशा प्रत्येक क्लिकचे पैसे बहिणींना भरावे लागायचे. एका आचाऱ्याने तर फोन करून विचारलं, "बूड जाड आहे का?"

"आमच्याकडे बूड नसतंच," धाकटी म्हणाली. "नुसता वरचा भाग."

हे ऐकून थोरलीचे जावई मदतीला आले. ऑनलाइन दुकानांच्या जाहिराती सांभाळणं हाच त्यांचा व्यवसाय. माणूस कष्टाळू, मनाने सरळ, आणि आकड्यांवर त्यांचा देवासारखा विश्वास. त्यांनी पहिल्याच दिवशी नको असलेल्या शब्दांची यादी केली. त्या यादीतला शब्द कुणी लिहिला, की दुकानाची कुठलीच जाहिरात त्याच्यासमोर जायची नाही. 'झाकण', 'लिटर', 'बूड', 'स्टील'. आठवड्याभरात भांडीवाले बंद झाले. थोरलीने जावयांचं कोण कौतुक केलं! मीसुद्धा केलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझी धूळ झटकली होती.

त्या कौतुकानेच पुढचं सगळं झालं. जावयाच्या शब्दाला कोण आडवं जाणार?

ते म्हणाले, "आई, आता चाचणी घेऊ. जुन्या जाहिरातीसमोर एक नवी उभी करू. निम्म्या लोकांना ही दिसेल, निम्म्यांना ती. जी जिंकेल ती ठेवू."

नवी आली. "केसांचे टोप, मोठी सूट. आजच फॉर्म भरा." मी तिच्यावर रागावले नाही. ती पोर होती, तिला जसं लिहिलं तशी ती होती. दुकानाच्या पानावरच्या त्या फॉर्ममध्ये नाव, पत्ता आणि डोक्याचे चारही बाजूंनी फोटो मागितले होते. चाचणीत फॉर्म मोजायचं ठरलं. फोन मोजता येत नव्हते. तो जुना फोन कोण कुठून आलं ते काही सांगत नव्हता.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. तिचे त्रेचाळीस फॉर्म, माझे दोन.

"अहो जावईबापू, पण फोन येतात ना!" धाकटी म्हणाली. "परवा तीन आले. ते हिलाच बघून आले."

"मावशी, तुम्हाला तसं वाटतं. ते हिलाच बघून आले हे दाखवायचं कशावरून? मला आकड्यात दाखवा, मी लगेच ऐकतो."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने मान खाली घालून गाठ मारली. त्या संध्याकाळी माझ्या नावापुढे 'थांबवली' असा शब्द आला. फोनमुळे हिशेब गढूळ होतो म्हणून जावयांनी दुकानाच्या पानावरचा नंबरही काढला. मित्रांनो, थांबवलेली जाहिरात मरत नाही. ती पानावर करड्या रंगात पडून राहते आणि सगळं बघते.

मी बघत होते म्हणूनच मला बाईंचं माहीत आहे.

बाई म्हणजे एक शिक्षिका. नाव त्यांनी सांगितलं नव्हतं, पण प्रत्येक सूचनेनंतर "समजलं?" विचारायच्या, त्यावरून धाकटीने ओळखलं. त्यांनी तीनदा फोन केला होता. पहिल्यांदा गप्प राहिल्या. दुसऱ्यांदा बोलल्या.

"माझी चौथीची मुलं आहेत. पहिलीपासून मीच त्यांना शिकवलं. शाळेच्या शेवटच्या दिवशी मला त्यांच्यासमोर उभं राहायचंय, माझ्या केसांनिशी. आजारी बाई म्हणून त्यांच्या डोळ्यांपुढे राहायचं नाहीये मला."

तिसऱ्यांदा धाकटीने फोनवरच माप घ्यायला शिकवलं. दोरा कपाळापासून मानेपर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. थोरलीने त्याच दिवशी जाळी ताणली. भांग कुठे पाडायचा आणि टोप कुठे पाठवायचा, एवढं बाई चौथ्या फोनवर सांगणार होत्या. नंबर त्या कुठे लिहून ठेवत नव्हत्या, केलेला फोनही मोबाइलमधून पुसून टाकायच्या. घरी कुणाच्या हाती लागायला नको होता. दर वेळी मला शोधून काढायच्या आणि माझ्यावरच्या नंबरावर बोट ठेवायच्या.

तो चौथा फोन आला नाही.

धाकटी टेबलापासून हलेना. बाजारात जायची वेळ आली तर थोरलीला पाठवायची. फोनची तार नीट बसली आहे ना ते दिवसातून दहा वेळा बघायची. आणि पडद्यावर, लोकांनी शोधलेल्या शब्दांच्या यादीत, मी वाचत होते: 'केसांचे टोप आधी बोलू'. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग 'टोप आधी बोलू फोन'. मग 'आधी बोलू टोप नंबर'. बाई माझेच शब्द टाइप करून मला हाका मारत होत्या. माझ्याऐवजी ती नवी जाऊन उभी राहत होती. बाई तिच्यावर क्लिक करत होत्या, चार फोटो मागणारा फॉर्म बघत होत्या आणि परत जात होत्या. मी काय करू शकणार होते? करड्या अक्षरांना आवाज नसतो. मी नुसती जळत राहिले.

धाकटीला ती यादी वाचता येत नव्हती. ते पान जावई वाचायचे, दर शुक्रवारी, त्यांच्या घरून. त्यांनी पाहिलं: 'बोलू', 'फोन', 'नंबर' या शब्दांवरून क्लिक येतात, पण फॉर्म एकही येत नाही. म्हणजे फुकट जाणारे क्लिक. भांड्यांसारखेच. नीट काम करणाऱ्या माणसाने जे केलं असतं तेच त्यांनी केलं. ते तीन शब्द नको असलेल्या यादीत 'लिटर' आणि 'स्टील'च्या शेजारी बसवले.

त्यानंतर बाईंना नवीसुद्धा दिसली नसेल.

टोप तयार झाला. थोरलीने भांग पाडायचा तेवढा बाकी ठेवला. त्रेचाळीस फॉर्मवाल्यांपैकी बहुतेकांना दोन दिवसांत, स्वस्तात, यंत्रावर केलेला टोप हवा होता. दीड महिना ऐकताच ते गेले. आतल्या खोलीत एकच डोकं जाळीनिशी उभं होतं आणि शाळांना सुट्टी लागून महिना उलटला होता.

मग एका दुपारी एक मुलगी आली, कॉलेजात जाणाऱ्या वयाची. जावई नवे आकडे दाखवायला तिथेच बसले होते.

"इथे केसांचे टोप करतात ना? मी नुसतं 'केसांचे टोप' शोधलं, तर पत्ता मिळाला," ती म्हणाली आणि आपल्या हातातला मोबाइल पुढे केला. "हा माझ्या आईचा आहे. ती गेल्या आठवड्यात गेली. तिने एकच गोष्ट सतरा वेळा शोधली आहे. 'आधी बोलू.' याचा अर्थ काय?"

धाकटीने मोबाइल हातात घेतला आणि एकेक ओळ वाचली. मग हळूच विचारलं, "शाळेत गेल्या का त्या? शेवटच्या दिवशी?"

"नाही. मुलंच आमच्या घराखाली आली. हाका मारत होती. आई खिडकीत गेली नाही."

जावयांनी यादी उघडली, तीन शब्दांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे मी टाकलेत." एवढंच. स्वतःची बाजू त्यांनी मांडली नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगते.

थोरली आत जाऊन टोप घेऊन आली. "भांग राहिलाय," ती म्हणाली.

"उजवीकडे," मुलगी म्हणाली. "तिचा भांग उजवीकडे होता."

थोरलीने फणी घेतली. उजवीकडे भांग पाडला आणि टोप मुलीच्या हातात दिला. मुलीने टोप छातीशी धरला आणि ती गेली.

त्याच दिवशी जावयांनी मला पुन्हा सुरू केलं. यादीतून ते तीन शब्द काढले, नंबर परत लावला आणि नव्या पोरीला थांबवलं. आता मी पूर्वीपेक्षा जास्त लोकांसमोर जाते. पूर्वीपेक्षा जास्त बोटं माझ्या नंबरावर पडतात. एखाद्या जाहिरातीला आणखी काय हवं असतं, असं तुम्ही म्हणाल.

पण धाकटी फोन उचलत नाही.

ती त्याच खुर्चीवर बसते. फोन वाजतो, बारा वेळा, पंधरा वेळा, आणि थांबतो. ती त्याच्याकडे बघतही नाही. "मी त्यांना नंबर का नाही विचारला?" एवढं एकच ती थोरलीला म्हणते, दिवसातून कितीदा तरी. थोरली म्हणते, "अगं, तू नाही चुकलीस." ते धाकटीच्या कानात शिरत नाही.

काल थोरलीने हातातली आकडी ठेवली आणि फोन उचलला. "हॅलो," ती म्हणाली. पलीकडे शांतता. "हॅलो, कोण पाहिजे?" शांतता. ती जन्मभर आतल्या खोलीत बसलेली बाई. तिने आणखी थोडं थांबून पाहिलं, मग म्हणाली, "कुणीच नाहीये," आणि फोन ठेवला.

मित्रांनो, तिथे कुणीतरी होतं. त्याला मीच पाठवलं होतं. ते माणूस पुन्हा फोन करणार नाही.

निबंधांतल्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला टाकू नका, आमचा वापर करा. माझं मागणं वेगळं आहे. माझ्यावर जे लिहिलं आहे ते करणारं माणूस खुर्चीत बसून खचत चाललं आहे. तिला आधी सांभाळा. तुम्ही मोठे व्हाल, कशाकशाची मोजणी कराल. मोजता न येणारं काम करणारी अशी एखादी बाई तुमच्याजवळ बसलेली असेल, तर तिचं ऐका, ती ऐकवण्याच्या स्थितीत आहे तोवर. आणि ती पुन्हा फोन उचलेपर्यंत जावईबापूंना सांगा, मला थांबवा. मी खोटी झाले आहे.

आत्ता कुणीतरी 'केस' एवढा एकच शब्द लिहिला आहे. मी वर येऊन उभी राहिले आहे. त्याचं बोट नंबराकडे येत आहे, आणि मला बाजूला होता येत नाही.