समोरच्या गच्चीवरची डिश

धाकटी जाऊ बहिऱ्या माणसांसाठी दुभाष्याचं काम करायची, तेही घरबसल्या. डॉक्टर आणि पेशंट दवाखान्यात, त्यांच्या टेबलावर स्क्रीन आणि स्क्रीनमध्ये ही. डॉक्टरांचं बोलणं ती हातांनी सांगायची आणि पेशंटचे हात जे बोलतील ते तोंडाने.

मंगळवारी एका तरुण बाईचा रिपोर्ट होता. 'गाठ आहे' एवढं हातांनी सांगून झालं, आणि 'साधी आहे, घाबरू नका' सांगायच्या आत लाइन गेली. रस्ता खोदताना कुणीतरी केबल तोडली होती. घरात मोबाइलची रेंजही धड नव्हती. ती जिने उतरून कोपऱ्यापर्यंत धावली, तरी निरोप पोचायला चाळीस मिनिटं लागली. बाईला ते डॉक्टरांनी लिहूनही दाखवलं होतं म्हणे, पण ती रडायची थांबली नव्हती.

त्यानंतर ती दर कॉलआधी लाइन तपासू लागली. नवरा म्हणाला, समोर दादाकडे दुसऱ्या कंपनीचं नेट आहे. दोन्ही गच्च्यांवर समोरासमोर छोट्या डिश लावल्या तर आपली लाइन गेली की त्यांची आपोआप चालू होईल. बोलणं बरोबर होतं. पण थोरल्या जावेशी सहा वर्षं अबोला होता. सासूबाई न्हाणीघरात पडल्या तेव्हा थोरलीने अकरा वेळा फोन केला होता आणि हिने एकदाही उचलला नव्हता. का, ते नंतर कुणी विचारलं नाही, आणि हिनेही मानापोटी सांगितलं नाही.

शेवटी हीच गेली. दारातच काय हवंय ते सांगून टाकलं. थोरलीने ऐकून घेतलं आणि गच्चीची किल्ली काढून दिली.

रविवारी दोघी आपापल्या गच्चीवर उभ्या राहिल्या. मध्ये मैदान, कानाला फोन. नवरा कामाला गेलेला. इकडची डिश हिने पाइपाला पक्की आवळली होती, तिकडची थोरलीने हाताने धरली होती. सिग्नलचा आकडा बघून ही सांगायची आणि थोरली डिश केसभर फिरवायची. डावीकडे. फार झालं. जरा खाली. तासभर दुसरं काही बोलणं नाही.

मग थोरलीनेच विचारलं, "त्या दिवशी तू कुठे होतीस गं?"

"एका बाईचं बाळंतपण अडलं होतं. तिला ऐकू येत नव्हतं, आणि मी तिच्यासमोर होते."

पलीकडे थोरलीने डिश तशीच धरून ठेवली.

"बाळ?"

"मुलगी झाली. दोघी सुखरूप."

"मग सांगायचंस ना."

"तेव्हा तुम्ही ऐकून घेतलं असतंत, ताई?"

"नसतं घेतलं," थोरली म्हणाली. मग तिने विचारलं, "आता बोल्ट आवळू का?"

हिने आपल्या लाइनची केबल उपटून पाहिली. दहा सेकंद सगळं मेलं, मग समोरच्या घरातून नेट आलं.

त्यानंतर येणं-जाणं वाढलं असं काही नाही. पण पुढच्या आठवड्यात सकाळी फोन वाजला. थोरली होती. उद्या दहा ते बारा आमची वीज बंद राहणार आहे, तेव्हा अवघड पेशंट त्या वेळात घेऊ नकोस, एवढंच सांगायला तिने फोन केला होता.