शौकी मास्तरांची पोटरी

पस्तीस वर्षं शौकी मास्तरांनी अलेक्झांड्रियातल्या पोरांना शाळेच्या मैदानावर पळवलं. निवृत्तीनंतर मात्र घरापासून ट्रामच्या थांब्याकडे निघालं, की शंभर पावलांत त्यांचीच उजवी पोटरी पिळवटून निघे. दोन मिनिटं उभं राहिलं की दुखणं गायब. पण व्यायामाचा मास्तर दम खाताना दिसला, तर अब्रूचं खोबरं! म्हणून ते दुकानाची काच न्याहाळत उभे राहत. दुर्दैवानं शंभरावं पाऊल नेमकं लग्नाच्या झग्यांच्या दुकानापुढे पडे.

महिन्याभरात गल्लीत बोभाटा झाला. नजातबाईंनी नवऱ्याच्या पानात भात वाढता वाढता शांतपणे विचारलं, "कोण आहे ती? निदान वय तरी सांगा."

अडुसष्टाव्या वर्षी आपल्यावर असा संशय यावा, हे मास्तरांना इतकं सुखावून गेलं की क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. मग त्यांनी मुकाट्यानं विजार वर करून पोटरी दाखवली.

पायाची रक्तवाहिनी चोंदली होती. डॉक्टरांनी सिगारेट बंद केली आणि आठवड्यातून तीनदा इस्पितळात चालण्याचा व्यायाम लावून दिला. व्यायाम म्हटल्यावर मास्तर खुशीत आले. तिथल्या पोरींना आपणच चार गोष्टी शिकवू, असा त्यांचा होरा. शेजारच्या चालत्या पट्ट्यावर उम्म बिलाल ही मासळीवाली सावकाश चालत होती. मास्तरांनी आपला पट्टा तिच्याहून वेगात लावायला सांगितला आणि तिसऱ्या मिनिटाला कठडा धरून लोंबकळले.

व्यायाम घेणाऱ्या रशा नावाच्या पोरीनं त्यांना खुर्ची दिली. "मास्तर, चांगलं दुखेपर्यंत चालायचं, मग बसायचं. दुखायचं थांबलं की पुन्हा उठायचं. बसणं हाही व्यायामच आहे."

"बसा हो," उम्म बिलाल म्हणाली. "मी तर पहिल्या दिवशी दीड मिनिटात बसले होते."

मास्तर बसले. मग उठले. असे तीन महिने उठत-बसत गेले. शेवटच्या चाचणीत ते न थांबता बारा मिनिटं चालले, उम्म बिलाल एकोणीस. घरी येऊन त्यांनी दुसरा नंबर आल्याचं जाहीर केलं.

"स्पर्धेत होते किती?" नजातबाईंनी विचारलं.

"दोघं," मास्तर म्हणाले.

त्या शुक्रवारी दोघं नवरा-बायको समुद्रापर्यंत चालत गेले. वाटेत पोटरी दुखली, तसे मास्तर भर रस्त्यात एका पायरीवर टेकले. नजातबाईही शेजारी बसल्या आणि गुडघा चोळत म्हणाल्या, "बरं झालं बसलात. मीच कधीची वाट पाहत होते."