उशाशी ठेवलेली काच

मित्रांनो, मी एक काच आहे. खिडकीची नव्हे हं! खिडकीची काच वाळूची. मी जस्ताचे अणू आणि त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू यांच्या जाळीदार स्फटिकांची. माझा आकार शर्टाच्या बटणाएवढा.

मला घडवणाऱ्या संशोधक बाईंना प्रयोगशाळेत सगळे ताई म्हणतात. अशा स्फटिकांची पूड बहुधा वितळण्याआधीच जळून जाते. म्हणून ताई भट्टीपाशी जीव मुठीत धरून उभ्या होत्या. मी वितळले, निवले, आणि माझ्या पोटातल्या सूक्ष्म पोकळ्या शाबूत राहिल्या. "जमलं गं बाई!" म्हणत ताईंनी टाळी वाजवली. काय ते माझं कौतुक!

हवेतलं येईल ते पोकळ्यांत धरून ठेवायचं, हे माझं काम. मंद तापवलं की मी ते सोडते. पण रिकामं पोट मला मुळीच सोसत नाही. खादाड म्हणा हवं तर.

ताईंचे बाबा अंथरुणाला खिळले, तेव्हा औषधांचा वास शोषायला मला त्यांच्या उशाशी ठेवलं. मी औषधं खाल्ली, बाम खाल्ला, त्यांचा श्वासही खाल्ला. एका दुपारी श्वास यायचा थांबला. शेवटचा माझ्याच पोटात होता.

नंतर ताईंनी मला रिकामं करायला भट्टीत ठेवलं. मी जरा तापले, तोच शेजारच्या टेबलावरचे सहकारी दचकून म्हणाले, "ताई, आत कोण आलंय? आत्ता कुणी म्हातारं खोकलं ना?"

खोलीत दोघांशिवाय कुणीच नव्हतं. बामाचा वास मात्र दरवळत होता. ताईंनी झटकन भट्टी बंद केली आणि त्या ओक्साबोक्शी रडल्या.

"अहो, पूर्ण तापवा, नाहीतर काच वाया जाईल."

"हात लावू नका तिला. माझे बाबा आहेत तिच्यात."

तेव्हापासून मी ताईंच्या उशाशी असते. अर्धवट रिकामी, भुकेली. मला फार वाईट वाटतं, पण थांबता येत नाही हो! आधी त्यांच्या साबणाचा वास माझ्यात आला, मग केसांचा, मग आवाज. काल त्यांनी आईला तीनदा हाक मारली. आईला ऐकूच गेली नाही. आज आई दारात येऊन म्हणाली, "कुठे गेली ही पोरगी?" ताई समोर पलंगावरच बसल्या होत्या.

मित्रांनो, मला जपू नका. भट्टीत घाला आणि पूर्ण तापवा. बाबा जातील, पण ताई परत येतील. जरा घाई करा. माझ्या पोटात अजून जागा आहे.