पियानोचं कुंकू

पियानो घरात आला तेव्हा सुरुवातीचे काही दिवस मी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. जिथे माझं शिसवी कपाट होतं, तिथे हे काळं धूड येऊन उभं राहिलं आणि कपाट गेलं पडवीत. पण सुनेपुढे बोलणार काय? विनिता माझी गुणाची पोर. लहानपणापासून डहाणूच्या दीना मिसकडे पियानो शिकली. मिस पारशी, एकट्या राहायच्या, भारी कडक. वय झालं तशा त्या पुण्याला भाचीकडे राहायला निघाल्या आणि पियानो विनिताकडे ठेवून गेल्या. दिला नाही हं, ठेवला.

"दिवाळीत येईन नी बघीन," म्हणाल्या. "इथे तो रुळला असं वाटलं तर तुझा. नाहीतर पुण्यात एक शाळा मागते, तिला देऊन टाकीन."

जाताना निगा कशी राखायची ते सगळं करून दाखवलं. पॉलिश अशी की त्यात बघून टिकली लावावी. आशागडला आमची चिकूची वाडी. धूळ तर आहेच, वरून समुद्राचा खारा वारा. सकाळी पुसलं की संध्याकाळी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. तर म्हणे, कोरडं फडकं घासायचं नाही, धुळीचे कण घासून चरे पडतात. आधी मऊ झाडणीने धूळ उडवायची. मग जुन्या मऊ लुगड्याचं फडकं ओलं करून घट्ट पिळायचं, हलक्या हाताने एकाच दिशेला फिरवायचं आणि लगेच दुसऱ्या फडक्याने कोरडं करायचं. तेल नाही, काचा पुसायचा फवारा नाही, वर फुलदाणी नाही, उन्हात ठेवायचा नाही. मी म्हटलं, अगं बाई, एवढ्या लाडाने तर मी रतनला लहानपणी पुसला नव्हता! रतन म्हणजे माझा मुलगा, विनिताचा नवरा.

आणखी एक. पियानोच्या डाव्या बाजूला, अगदी खाली, बोटाएवढा तांबूस डाग होता. "तिथे पुसायचं नाही," मिस म्हणाल्या. का, ते सांगितलं नाही. मला वाटलं, तिथली पॉलिश कच्ची असेल.

पण खरं सांगू? महिन्याभरात त्या धुडाने मला खिशात घातलं. दुपार कलली की आजूबाजूची पोरं शिकायला यायची, घर नुसतं दणाणून जायचं. पोरं गेली की विनिता स्वतःसाठी वाजवायची आणि मी भाजी निवडत ऐकत बसायची. एका बोटाने आरती वाजवायला मीही शिकले. पुसायचं काम तर मी कुणाला करूच दिलं नाही. तो पियानो परत जाईल हा विचारसुद्धा मला नकोसा व्हायचा.

दसऱ्याच्या दिवशी विनिता श्रीखंड आणायला डहाणूला गेली होती. मी पुऱ्या तळत होते. रतनने अंघोळ करून ट्रॅक्टरची पूजा केली, फवारणीच्या पंपाची केली, कोयत्यांची केली. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या कुठल्याच यंत्राला उपाशी ठेवत नाहीत. मिक्सरला कुंकू, इन्व्हर्टरला कुंकू. मी हात पुसत बाहेर आले आणि दारातच थबकले. पियानोला झेंडूचा भलामोठा हार, आणि समोरच्या चकचकीत फळीवर हे एवढं स्वस्तिक!

"रतन! हे काय केलंस?"

"पूजा, आई. तोही यंत्रच की."

"कुंकू कशात कालवलंस?"

"खोबरेल तेलात. ट्रॅक्टरला लावतो तसंच. मग वर्षभर हलत नाही."

माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात फोन वाजला. विनिताचा. दबक्या आवाजात म्हणाली, "आई, मिस आल्यात. आज अचानक. स्टेशनवरून रिक्षात बसतोय आम्ही."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. रतन धावत जाऊन ट्रॅक्टर चमकवायची बाटली घेऊन आला. ती त्याच्या हातातून हिसकावली आणि त्याला म्हटलं, मेल्या, त्या कोपऱ्यात उभा राहा नि हात खिशात घाल. हार काढला. कुंकवाला चिकटलेल्या अक्षता एकेक करून उचलल्या, ओढल्या असत्या तर चरे पडले असते. फडक्याच्या टोकाला साबणाचा थेंब घेऊन कुंकू हळूहळू उचललं, मग नुसत्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. काळीभोर फळी पुन्हा लखलखली. मी हुश्श करून खिडकीचा पडदा सारला, आणि तिरका उजेड पडला तशी वाकून बघते तर काय! कुंकू गेलं होतं, पण स्वस्तिक होतं! बारीक, पांढुरक्या चऱ्यांचं.

रतन कोपऱ्यातून म्हणाला, "रेघा वाकड्या आल्या होत्या. मग किल्लीच्या टोकाने सरळ केल्या."

"कसली किल्ली?"

"ट्रॅक्टरची."

आता या माणसाला काय म्हणायचं? मी पडदा ओढून घेतला. अंधारात चरे दिसत नव्हते. तोवर रिक्षा आलीच.

मिस अंगणात उतरल्या. हार घातलेल्या ट्रॅक्टरपाशी थांबल्या, हसल्या. स्वयंपाकघरात डोकावून मिक्सरचं कुंकू बघितलं. मग पियानोसमोर आल्या. मी मुद्दाम फळीला चिकटून उभी. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, बोट बघितलं. धुळीचा कण नाही.

"फार सुंदर ठेवलाय, विनिता," त्या म्हणाल्या. पण चेहरा पडलेला. "मी त्याला घेऊन जाते, दीकरा."

विनिताच्या हातातली श्रीखंडाची पिशवी तशीच राहिली. "काय चुकलं, मिस?"

"तुझं नाय चुकलं. पण ट्रॅक्टर या घरचा, मिक्सर या घरचा. त्यांना कुंकू लागलं. हा अजून पाहुणाच आहे. दिवाळी सोडून आज आले ते तेवढंच बघायला."

विनिताचे डोळे भरून आले. ते बघून माझा तोल सुटला.

"अहो, लावलं होतं!" मी ओरडलेच. "चांगलं ढळढळीत लावलं होतं! हारही होता! तुमच्या धाकाने मी पुसलं, हाताला घाम फुटेस्तोवर पुसलं! तेल नको, फवारा नको, चरा नको, मग आम्ही करायचं काय? हे बघा!" आणि रागाच्या भरात मी पडदा सर्रकन बाजूला सारला.

उजेड पडला. स्वस्तिक दिसलं. आता मात्र मलाच घाम फुटला. म्हटलं, गेला पियानो.

मिस वाकल्या. चऱ्यांवरून बोट फिरवलं. "हे कशाने?"

"ट्रॅक्टरच्या किल्लीने," रतन म्हणाला. पळून जायच्या तयारीत.

मिसनी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि हसायलाच लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी. माझा हात धरून त्यांनी मला पियानोच्या डाव्या बाजूला खाली बसवलं, त्या तांबूस डागापाशी.

"आनंदीबाई, हा माझ्या आईचा हात. पियानो घरात आला तेव्हा तिने सगन केलं, आम्ही पारशी कुंकू लावतो तसं. बाबा रागावले, पॉलिश खराब केली म्हणून. आई म्हणाली, आता हा आपला झाला. मी जन्मभर सगळा पियानो पुसला, तेवढी जागा सोडून."

मला रडू येत होतं, आणि रतनसमोर मी रडत नाही.

"चला, लावा परत," मिस म्हणाल्या. "तेल नको हं. नी तुम्ही लावा, आनंदीबाई. याच्या हातात देऊ नका."

मी पाण्यात कुंकू कालवलं आणि अनामिकेने त्याच चऱ्यांवरून अलगद स्वस्तिक भरलं. मिसनी स्वतः हार घातला. विनिता वाजवायला बसली ती श्रीखंड पातळ होईपर्यंत उठली नाही, आणि मिस शेजारी बसून सारख्या म्हणत होत्या, "मोकळ्या हाताने वाजव, दीकरा, तुझाच आहे."

पुसायचं काम अजून माझ्याकडेच आहे. फक्त आता मी दोन जागा सोडते. आणि रतनला किल्ली बाहेर ठेवल्याशिवाय त्या खोलीत पाऊल टाकू देत नाही.