ओढ्याची काळी रेघ

"एकतीस वर्षांत माझी एक रेघ चुकलेली दाखवा, ही पट्टी मोडून कचऱ्यात टाकतो!" सोमवारी सकाळी पट्टीकाकांनी नगरपालिकेच्या नकाशा विभागात छातीवर हात मारून सांगितलं. मंगळवारी त्यांच्या थोरल्या बहिणीनं ती रेघ दाखवली.

ताई तीन जिने चढून आली ती धापा टाकतच. हातात नोटीस होती.

"आमच्या दारातला ओढा बुजवून वर पार्किंग करणार म्हणे. का, तर नकाशात तो ओढा नाहीच, गटार आहे!"

"कुठल्या गाढवानं काढलाय तो नकाशा?"

"खाली सही आहे गाढवाची. बघ."

काकांनी कपाटातून मूळ नकाशा काढून टेबलावर पसरला. ओढा निळ्या रेघेनं, गटार काळ्या, हा खात्याचा नियम. आणि ओढ्याच्या जागी ठसठशीत काळी रेघ होती, वळणं मात्र अगदी सुबक.

त्यांना ती दुपार आठवली. निळी शाई संपली होती. नवीन बाटलीला मागणीपत्र, त्यावर तीन सह्या, म्हणजे पंधरा दिवसांची निश्चिंती. साहेबांना नकाशा चार वाजता हवा होता. "नंतर निळी करू," असं म्हणून काकांनी काळीत बोरू बुडवला. ते 'नंतर' अजून यायचं होतं.

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "ह्यांनी शेवटची दोन वर्षं त्या काठावर काढली. चालवत नव्हतं, तरी नऊ झाडं लावली. नववं लावताना खड्डा मी खणला, हे नुसतं रोप धरून बसले होते. आता माझं बोलणं-चालणं आहे ते त्या झाडांशी. आणि तू त्याला गटार केलंस, बाळ्या."

पन्नाशी उलटल्यावर काकांना बाळ्या म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं.

त्यांनी पट्टी मोडायला घेतली. ती स्टीलची होती. मोडली नाही, वाकली फक्त.

गुरुवारी सभा होती. ओढा आणि दोन्ही काठ उद्यान म्हणून राखावेत, असा ठराव कुणीतरी मांडला होता, पण नकाशापुढे त्याचं काही चालेना. काका गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. ते उठले.

"नकाशा चुकलाय, अध्यक्षबाई. माझ्या हातून. निळी शाई संपली होती."

सभागृहात हशा पिकला. पार्किंगवाल्या सभासदांनी डोळे पुसले. "म्हणजे लाल संपली असती, तर आमचा रस्ताच गायब केला असता की काय?"

"लाल भरपूर होती, साहेब."

अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "वाहतं पाणी आहे ना तिथे?"

"आहे. आणि नऊ झाडं आहेत," काका म्हणाले. मागच्या बाकावर ताईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता.

हात वर झाले. सात विरुद्ध सहा. ओढा राहिला. नवा नकाशा जोडून ठराव शुक्रवारी वरच्या कार्यालयात पाठवायचा, असं ठरलं.

शुक्रवारी सकाळी काकांनी स्वतःच्या पैशानं आणलेली निळी शाई उघडली. वाकडी पट्टी बाजूला ठेवली आणि ओढा नुसत्या हातानं काढला, उगमापासून पुलापर्यंत. काठावर नऊ ठिपके दिले. ताईनं ते बोटानं मोजले, आणि नवव्यावर बोट जरा वेळ तसंच ठेवलं.

दुपारी कारकुनानं नकाशाच्या पंधरा प्रती काढल्या. छपाईच्या मशीनमधली निळी शाई संपली होती. प्रती काळ्या निघाल्या, त्यांवर सह्या झाल्या, आणि चार वाजता त्या रवाना झाल्या.