पाच थांब्यांचं गाणं

वीरधवलचा पहिला अल्बम एक गाणं सोडून तयार होता. रॉक आणि जॅझ एकाच पातेल्यात शिजवलेलं ते अठरा मिनिटांचं गाणं. त्यात पाच ठिकाणी सगळी वाद्यं गप्प होतात आणि सहा सेकंदांनी पुन्हा उसळतात. हे त्याला लोकांसमोर, एका दमात रेकॉर्ड करायचं होतं. पुण्याहून आणलेली यंत्रं संध्याकाळी परत जायची होती. लोक हवेत म्हणून आटपाडीजवळच्या आपल्या गावी, सोसायटीच्या हॉलमध्ये त्यानं माणसं जमवली आणि तिथंच चुकला. माणसं जमली की सूत्रसंचालनाला गावातले दादासो येतातच, शाली-नारळांसकट. बोलवावं लागत नाही.

पहिला थांबा आला. दादासो उठले. "या सुमधुर गीतानंतर माजी चेअरमन नाथाजीराव यांचा सत्कार."

टाळ्या पडल्या.

"काका, गाणं संपलं न्हाई अजून," वीरधवल म्हणाला.

"मग थांबलास कशाला?"

"ते तसंच हाय."

"बरं. पुन्हा कर."

पुन्हा केलं. दुसऱ्या थांब्यात बचत गटाच्या हरणाबाई उरकल्या. पुढच्या खेपेला भूपालशेठ. दादासोंना शांतता सोसत नाही. कुणाचा तरी सत्कार राहून गेलाय असंच वाटतं. चार वाजेतो हॉलमध्ये कोरा माणूस उरला नव्हता. नाथाजीरावांचा तर दोनदा झाला. त्यांची तक्रार नव्हती.

वीरधवल रडकुंडीला आला. ड्रम वाजवणारी सांगलीची कीर्ती मात्र उठून दादासोंपाशी गेली.

"काका, तुमचा सत्कार कुणी केलाय का?"

दादासो माईककडे बघत राहिले. "आमचा कोण करतंय, पोरी? आमी नावं वाचायची."

कीर्तीनं उरलेली शाल त्यांच्या खांद्यावर घातली, नारळ दिला, पहिल्या रांगेत बसवलं. "सत्कारमूर्तीनं मधी उठायचं नसतं."

"व्हय, तेवढं कळतं मला."

मग गाणं अखंड झालं. पाचही थांबे स्वच्छ. दादासो नारळ मांडीवर घेऊन डोळे पुसत होते. शेवटचा ठोका विरला आणि वीरधवल टाळ्यांची वाट बघू लागला. कुणी टाळी वाजवेना. संपलं म्हणून सांगणार कोण? हॉल दादासोंकडे बघतोय, आणि दादासो सत्कारमूर्ती.

अल्बमवर ते गाणं बावीस मिनिटांचं आहे. शेवटी चार मिनिटं नुसती शांतता, आणि मग हरणाबाई:

"आवं, संपलं असंल तर सांगा. म्हशीची धार काढायची राहिलीया."